तुरुंगांतून परतलेला नवरा

व्हिक्टोरिया राणीच्या ज्या इंग्लंडांत गृहसौख्याचे एवढे गोडवे गाइले जात, त्याच इंग्लंडांत १८५३ सालीं स्त्रिया व मुलें यांना होणाऱ्या गंभीर मारहाणीसाठीं पार्लमेंटला निराळा कायदा करावा लागला. मॅजिस्ट्रेटनें ज्यूरीवांचून ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २० पौंडांपर्यंत दंड ठोठवावा, असें त्यांत ठरलें. वरवर पाहतां केवढा हा स्त्रियांचा कैवार! पण हिशेब त्या बाईच्या बाजूनें मांडून पाहावा. दंड जाई तो घरखर्चांतून. कैद झाली तर मिळवता माणूस तुरुंगांत आणि मुलें उपाशी. मुदत संपली कीं तोच नवरा त्याच दारांत उभा, आणि आपल्याला तुरुंगाचें तोंड कोणी दाखविलें हें तो विसरलेला नसे. मग फिर्याद देणारी बाई कोर्टांत जबानी फिरवी, यांत नवल तें काय?

कित्येकांना यावर फटक्यांची शिक्षा हा तोडगा वाटला. पार्लमेंटांत तसें बिलहि आलें. मिस फ्रान्सिस पॉवर कॉब या विदुषीचें मत निराळें होतें. १८७८ सालीं 'कन्टेम्पररी रिव्ह्यू' मासिकांत त्यांनीं लिहिलेल्या निबंधाचा रोख असा, कीं फटके खाऊन आलेला नवरा अधिकच पिसाळेल. पत्नीला हवी आहे ती त्याच्यापासून सुटका. त्याच वर्षीं कायदा झाला. गंभीर मारहाण शाबीत झाली आणि पुढेंहि पत्नी सुरक्षित नाहीं अशी खात्री पटली, तर विभक्त राहण्याचा हुकूम, पोटगी आणि १० वर्षांखालील मुलांचा ताबा देण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटला मिळाला. माझ्या मतें या प्रकरणांतलें सर्वांत मोठें पाऊल हेंच. घडलेल्या गुन्ह्यापलीकडे उद्यांच्या रात्रीचा विचार येथें झाला. (व्यभिचार केलेल्या स्त्रीला मात्र हें संरक्षण नव्हतें, नीतीचे पहारेकरी जागे होते!)

तरीहि घर नवऱ्याचेंच राहिलें. १८९५ च्या कायद्यानें सततचा छळ हें कारण मान्य केलें, पण त्यासाठीं बाईनें आधीं घर सोडलेलें असावें लागे. ती जाणार कोठें? १९७१ सालीं लंडनच्या चिझिक भागांत एरिन पिझी यांनीं अशा बायकांसाठीं आसरा उघडला, तेव्हां तेथें लोटलेली गर्दी पाहून हा प्रश्न पुष्कळांना प्रथमच दिसला. अखेर १९७६ च्या कायद्यानें नवऱ्यालाच घराबाहेर काढण्याचा हुकूम देणें कोर्टाला सोपें झालें, आणि तो मोडल्यास वॉरंटावांचून अटक करण्याची मुभा पोलिसांना त्याच हुकुमांत देतां येऊं लागली. नवराबायकोचें भांडण म्हणून दारावरून परत फिरणाऱ्या शिपायाला दाखविण्यासाठीं बाईच्या हातीं आतां एक कागद होता.