ड्युअल बूट: एका लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स

विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. तेव्हापासून परभणीला गेलो की कुणी ना कुणी जुना लॅपटॉप घेऊन येतंच: "यावर विंडोज 11 चालत नाही, भंगारात देऊ का?" देऊ नका! विंडोज तसंच ठेवून शेजारी उबंटू हे मोफत लिनक्स टाकता येतं. यालाच ड्युअल बूट म्हणतात.

कसं चालतं?
डिस्कचे दोन भाग होतात, प्रत्येकात एक सिस्टीम. लॅपटॉप सुरू करताच ग्रब नावाचा छोटा प्रोग्रॅम विचारतो, कोणती सुरू करू? एका वेळी एकच चालते, म्हणून रॅम वाटली जात नाही.

आधी हे करा
- फोटो, नोट्स यांचा बॅकअप दुसऱ्या ड्राइव्हवर घ्या.
- बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा.
- विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून किमान 25 जीबी जागा मोकळी करा.
- चार्जर लावा, बॅटरीही भरलेली हवी. लाइट मध्येच गेली तर पंचाईत!

इन्स्टॉल करताना 'इरेज डिस्क' निवडू नका. जिंतूरच्या मावसभावाच्या लॅपटॉपवर मी घाईत तेच दाबलं. त्याच्या बारावीच्या नोट्स गेल्या. बॅकअप नव्हता.

नंतर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर घाबरू नका. लिनक्स आतल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक समजतं.

बँकेची कामं मात्र उबंटूतूनच करा. त्याला सुरक्षा अपडेट मिळत राहतात.