सेउणपुरातील भाषा: सिन्नर आणि यादवकालीन बहुभाषिकता

यादवांचे नाव देवगिरीशी जोडले गेले असले, तरी त्या घराण्याच्या इतिहासाचा पहिला मोठा भाग सिन्नरच्या परिसरात घडला. हेमाद्रीच्या ‘चतुर्वर्गचिंतामणि’ या ग्रंथातील व्रतखंडाला जोडलेल्या राजप्रशस्तीत, म्हणजे राजकुळाच्या स्तुतिपर वंशवर्णनात, दृढप्रहाराचा पुत्र सेउणचंद्र याने सेउणपुर वसविल्याचा उल्लेख आहे. हे सेउणपुर म्हणजेच आजचे सिन्नर, असे सामान्यतः मानले जाते. पाचव्या भिल्लमाने बाराव्या शतकाच्या अखेरीस देवगिरीला राजधानी केली. तोपर्यंत हे घराणे आधी राष्ट्रकूटांचे आणि नंतर कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक होते, आणि या दोन्ही दरबारांत कन्नडला मानाचे स्थान होते.

त्या संबंधाची खूण राजघराण्यातील नावांतच उमटलेली दिसते. धाडियप्पा आणि वद्दिग ही पुरुषनावे, किंवा राष्ट्रकूट कुळातील धोरप्पाची कन्या आणि वद्दिगाची पत्नी वोद्दियव्वा हिचे नाव, यांतील ‘अप्पा’ आणि ‘अव्वा’ ही पदे कन्नड वळणाची आहेत. मात्र दुसऱ्या भिल्लमाचा शके 922 (इ.स. 1000) मधील संगमनेर ताम्रपट, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले दानपत्र, संस्कृतात आहे, आणि पुढे याच घराण्याचे शेकडो शिलालेख दक्षिणेकडे कन्नडमध्ये कोरले गेले. यावरून यादवांना ‘मूळचे कानडी’ किंवा ‘मूळचे मराठी’ ठरविण्याचा वाद गेल्या शतकात बराच रंगला. परंतु लेखाच्या भाषेवरून राजाची मातृभाषा सिद्ध होत नाही, तो लेख कोणासाठी कोरला गेला एवढेच त्यावरून सांगता येते, आणि भाषांच्या इतिहासाच्या दृष्टीने तेच अधिक मोलाचे आहे.

या दृष्टीने सर्वांत बोलका पुरावा सिन्नरच्या ईशान्येस, चाळीसगावजवळच्या पाटणे येथे सापडतो. भास्कराचार्यांचा नातू आणि सिंघण यादवाचा ज्योतिषी चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिला, आणि यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्याने त्याला दाने दिली. शके 1128 च्या सुमारास कोरलेल्या तेथील शिलालेखात वंशवर्णन, विद्वत्तेचे गौरवगान आणि मठाची स्थापना हा भाग संस्कृत श्लोकांत आहे. पण बाजारात येणाऱ्या मालावरील उत्पन्नाचा कोणता वाटा मठाला द्यावयाचा आणि तेलाच्या प्रत्येक घाण्यामागे किती तेल मोजावयाचे, हा मजकूर येताच लेख मराठीत उतरतो. कर ज्यांनी भरावयाचा ते व्यापारी आणि तेली श्लोक वाचणारे नव्हते, हे कोरविणाऱ्यांना पुरते ठाऊक होते. मराठी दगडावर आली ती अशी, हिशेबाच्या वाटेने, आणि तिला कमी लेखून आणले गेले असे म्हणण्यापेक्षा तिच्यावाचून काम अडले असते म्हणून आणले गेले, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

त्याच शतकात महानुभाव पंथाने हीच गोष्ट तत्त्वाच्या पातळीवर नेली. पंथाचे प्रवर्तक चक्रधर हे परंपरेनुसार गुजरातेतील भडोचचे. तरीही त्यांच्या आठवणींचा ‘लीळाचरित्र’ हा म्हाइंभटांनी संकलित केलेला ग्रंथ मराठीत सिद्ध झाला, आणि आचार्य नागदेवांनी संस्कृतात ग्रंथरचना करू पाहणाऱ्या केशिराजांना थांबविले, कारण त्यामुळे पंथातील सामान्य स्त्रिया ज्ञानापासून दूर पडल्या असत्या. पुढे याच पंथाने सकळा, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत आपले ग्रंथ बंद करून ठेवले, हा इतिहासाचा विरोधाभासच म्हणावा लागेल.

मराठी अशा रीतीने प्रबळ झाली, आणि त्यानंतर प्रश्न उलटा झाला. सिन्नरच्या पश्चिमेस इगतपुरी आणि अकोले तालुक्यांच्या डोंगराळ भागात ठाकर समाजाची वस्ती आहे. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या 1905 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात कातकरी, वारली यांच्याबरोबर ठाकरांच्या ठाकरीचीही नोंद मराठीच्या बोलींमध्ये झाली. ही वर्गवारी भाषाशास्त्राच्या दृष्टीने बचाव करण्याजोगी असली, तरी तिचा व्यावहारिक परिणाम मोठा झाला. राज्यघटनेत 1956 मध्ये समाविष्ट झालेले 350 अ हे कलम भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्यास सांगते. परंतु जी वाणी बहुसंख्यांच्याच भाषेची बोली मानली गेली, ती बोलणाऱ्या मुलांना ‘अल्पसंख्य’ ही संज्ञाच सहसा लागू होत नाही. शिवाय 1971 पासून जनगणनेत दहा हजारांहून कमी भाषकांच्या मातृभाषा स्वतंत्रपणे प्रसिद्ध केल्या जात नाहीत आणि उरलेल्यांपैकी अनेक मोठ्या भाषांच्या गटात मोजल्या जातात.

संस्कृत आणि कन्नड यांच्या छायेत मराठीला जे मिळाले, ते ठाकरीला मराठीच्या छायेत मिळालेले नाही. बोलीतील गाणी आणि नाच संमेलनांच्या मंचावर गौरविले जातात, पण रेशन दुकानाची पाटी, वनहक्काच्या दाव्याचा अर्ज आणि पहिलीचे पुस्तक प्रमाण मराठीतच असते. पाटण्याच्या लेखात तेल्याला त्याच्या घाण्याचा हिशेब त्याच्या भाषेत सांगितला गेला होता. ठाकरवाडीतल्या माणसाला त्याच्या जमिनीचा कागद अजून तसा मिळालेला नाही.