पाडव्याच्या संध्याकाळचा उजेड

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. जिंतूरला मामाकडे होतो. पुरणपोळ्या खाऊन सगळे गच्चीवर निवांत बसलेले. पावणेआठच्या सुमारास उत्तरेच्या आकाशात पेटत्या तुकड्यांची एक रांग दिसली. आवाज नाही, घाई नाही, रांगेने आपली चालली होती. मामींनी हात जोडले. पोरं ‘उडती तबकडी!’ म्हणून नाचायला लागली. कुणी म्हणालं, क्षेपणास्त्र सुटलं.

मामा फौजेतून निवृत्त. ते एवढंच म्हणाले, "नुसतं ओरडायलात काय! आधी किती वाजले ते बघा. कुठून कुठं गेलं ते ध्यानात ठेवा."

त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं एक भलंमोठं कडं पडलं. नंतर इस्रोचे शास्त्रज्ञ तिथं गेले. ती तबकडी नव्हती. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या एका चिनी रॉकेटचा तिसरा टप्पा वातावरणात शिरून जळाला होता, असं अवकाश-अभ्यासकांनी कक्षेच्या हिशेबावरून सांगितलं. असे हिशेब जुळवायला वेळ आणि दिशा लागते. म्हणजे मामांचा प्रश्न बरोबर होता!

मग मी या विषयावर वाचत सुटलो. १९४७ साली अमेरिकेत केनेथ अरनॉल्ड या वैमानिकाला नऊ चमकत्या वस्तू दिसल्या आणि ‘उडती तबकडी’ हा शब्द जगभर झाला. तिथल्या हवाई दलाने चौकशी सुरू केली. १९५२ ते १९६९ चाललेला ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’ त्यातला सर्वांत मोठा. १९४७ पासूनच्या मिळून १२,६१८ नोंदी तपासल्या. बहुतेक निघाले तारे, ग्रह, फुगे, विमानं. ७०१ मात्र उलगडल्या नाहीत. न उलगडणं म्हणजे परग्रहवासी नव्हे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. गंमत म्हणजे काही वेळा लोकांना खरोखरच विमान दिसलं होतं, पण ते होतं गुप्त यू-२. तपासणाऱ्यांना ठाऊक असलं तरी सांगायची सोय नव्हती. तेव्हा संशय वाढला तर दोष फक्त लोकांचा कसा?

आपल्याकडची गोष्ट लडाखची. २०१२ च्या उत्तरार्धात पँगाँग सरोवराच्या परिसरातून जवानांनी शंभराहून अधिक वेळा कळवलं, की चीनच्या बाजूच्या क्षितिजावरून पिवळसर गोळे वर येतात, तीन ते पाच तास आकाशातून सरकतात आणि नाहीसे होतात. टेहळणीचे ड्रोन असतील ही शंका. शेवटी बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेची मदत घेतली. वेळ, दिशा आणि क्षितिजापासूनची उंची यांच्या नोंदी आकाशाच्या नकाशाशी ताडून पाहिल्या. २०१३ च्या जुलैत उत्तर बाहेर आलं : गुरू आणि शुक्र! तिथल्या विरळ हवेत ते जास्तच ठळक दिसतात.

ही बातमी वाचून आपण हसलो असू. मी मामांना सांगताना हसतच होतो. ते हसले नाहीत. म्हणाले, "मी पण पाहिलंय. रातच्या पहाऱ्यावर, डोंगरामागून उजेड वर आला. सांगितलं नाही कुणाला. सगळे हसतील म्हणून. शुक्रच असंल तो. पण नसता, तर?"

मला उत्तर सुचलं नाही. लडाखच्या त्या पोरांना मात्र मी मनातल्या मनात सलाम केला. त्यांनी शुक्राला ड्रोन समजण्याची चूक केली, पण जे दिसलं ते लाज न बाळगता लिहून वर पाठवलं. म्हणून तर चूक सापडली. दोन देशांच्या सीमेवर चांदणीला शत्रू समजून कुणी काही करून बसलं असतं तर?

असो. मामांच्या डायरीत पाडव्याच्या पानावर एकच ओळ आहे : ‘७.४६, मावळतीकडून उगवतीकडे, काय ते माहीत नाही.’

त्या संध्याकाळी तुम्ही काय पाहिलंत? आठवत असेल तर वेळेसकट कळवा.