लाइफस्टाइल बिझनेस म्हणजे काय?

मालकाला हवं तसं आयुष्य जगता यावं म्हणून जो व्यवसाय मुद्दाम मर्यादित आकाराचा ठेवला जातो, त्याला ‘लाइफस्टाइल बिझनेस’ म्हणतात. यात कामाचे तास, राहण्याचं ठिकाण आणि लागणारी कमाई आधी ठरते. धंद्याची आखणी त्यानंतर होते.

स्टार्टअपपेक्षा वेगळा कसा?

व्हेंचर कॅपिटल घेतलेल्या स्टार्टअपला वेगाने वाढावंच लागतं. कंपनी विकून किंवा शेअर बाजारात आणून गुंतवणूकदारांना आपला पैसा वाढवून परत हवा असतो. त्यामुळे ‘एवढं पुरे’ असं मालक एकटा ठरवू शकत नाही. लाइफस्टाइल बिझनेस सहसा स्वतःची बचत आणि ग्राहकांकडून येणारा पैसा यांवर चालतो.

एक उदाहरण

अमेरिकेतल्या शिकागोमध्ये १९९९ साली ‘३७सिग्नल्स’ ही कंपनी सुरू झाली. २००४ मध्ये तिने ‘बेसकॅम्प’ हे सॉफ्टवेअर आणलं. २०१४ मध्ये इतर उत्पादनं बाजूला ठेवून तिने फक्त बेसकॅम्पवर लक्ष द्यायचं ठरवलं. कारण सगळी उत्पादनं नीट सांभाळायची तर बरीच माणसं वाढवावी लागली असती आणि मालकांना कंपनी लहानच ठेवायची होती. उन्हाळ्यात तिथे आठवड्याला चारच दिवस काम असतं.

हिशेब कसा मांडायचा?

समजा, घरखर्च आणि बचतीसाठी महिन्याला ६०,००० रुपये हवेत. व्यवसायाचा खर्च आणि कर धरून आकडा ८०,००० वर गेला. आठवड्याला चार दिवस काम करायचं, म्हणजे महिन्याचे साधारण १६ दिवस. त्यातले ६ दिवस ग्राहक शोधणं, हिशेब आणि वसुली यांत जातात. बिल लावता येईल असे उरतात १० दिवस. म्हणजे दिवसाला ८,००० रुपये मिळायला हवेत. बाजारात तेवढा दर मिळत नसेल, तर कामाचे दिवस वाढवावे लागतील किंवा खर्च कमी करावा लागेल.

धोका कुठे?

असा व्यवसाय बहुतेक वेळा एकाच माणसावर उभा असतो. तो आजारी पडला की कमाई थांबते. पगारी रजा नाही, पीएफ नाही. मालकाशिवाय चालत नसलेला धंदा विकायला काढला, तरी चांगली किंमत येत नाही. म्हणून आरोग्य विमा, निवृत्तीची बचत आणि काही महिन्यांचा घरखर्च यांची रक्कम वरच्या ८०,००० मध्ये पहिल्यापासूनच धरावी लागते. ती धरली नाही, तर दर स्वस्त दिसतो, पण पहिल्याच मोठ्या आजारपणात सगळं गणित कोलमडतं.