चपट्या डोक्याची गोष्ट

बाळाचं डोकं मागून चपटं दिसलं, की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "पालथं झोपवा की!" थांबा, आधी इतिहास ऐका.

१९९२ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने सांगितलं, बाळाला पालथं झोपवू नका. १९९४ मध्ये 'बॅक टू स्लीप' मोहीम आली. पुढच्या काही वर्षांत झोपेतले अचानक बालमृत्यू निम्म्यावर आले. पण उताणं झोपून चपटी डोकी वाढली. उपचाराचं हेल्मेट १९७९ पासून माहीत होतं. आता त्याला मागणी आली.

२०१४ मध्ये नेदरलँड्समधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बाळं ८४. निम्म्यांना सहा महिने, रोज २३ तास हेल्मेट. बाकीच्यांना काहीच नाही. दोन वर्षांची झाल्यावर डोकं पूर्ण नीट झालं हेल्मेटवाल्या २६ टक्क्यांचं आणि बिनहेल्मेटच्या २३ टक्क्यांचं! अतिगंभीर बाळं मात्र यात नव्हती.

म्हणून मी म्हणेन, डॉक्टरांना दाखवा. बाळ जागं असताना समोर बसून त्याला पोटावर खेळवा, मान दोन्ही बाजूंना वळू द्या. झोपवायचं मात्र उताणंच. डोक्याच्या आकारासाठी जिवाशी खेळ नको.