लेझरच्या बंदुकीची पुंगळी

मागच्या रविवारी 'स्टार वॉर्स' पुन्हा पाहिला. 1977 चा, पहिला. कितव्यांदा ते विचारू नका, बायको उत्तर देईल. या वेळी गोष्टीकडे लक्षच नव्हतं. हातात रिमोट आणि दर दोन मिनिटांनी पॉज. पांढऱ्या चिलखतातले स्टॉर्मट्रूपर गोळीबार करत होते, तिथे एक फ्रेम थांबवली आणि उडालोच. लेझरच्या बंदुकीतून चक्क रिकामी पुंगळी बाहेर पडत होती!

कारण ती बंदूक खरी आहे. ब्रिटिश सैन्याची स्टर्लिंग सबमशीनगन. लंडनच्या 'बॅप्टी' या कंपनीकडून, जी सिनेमांना हत्यारं भाड्यानं देते, ती आणली, वर रणगाड्यातली जुनी दुर्बीण आणि बाजूला हेंगस्टलर कंपनीचं आकडे मोजायचं यंत्र चिकटवलं. झाली भविष्यातली बंदूक. शूटिंगला खोटी काडतुसं उडवली, लेझरचे किरण नंतर रंगवले. गंमत म्हणजे हीच स्टर्लिंग परवाना घेऊन आपल्या कानपूरलाही बनत असे. पोलिसांच्या खांद्यावरची 'कार्बाइन' आठवतेय? तीच ती.

पैसे कमी होते हे कारण आहेच. पण सेट सजवणाऱ्या रॉजर ख्रिश्चनला आणि दिग्दर्शक जॉर्ज लुकासला सगळं वापरलेलं, मळलेलं, झिजलेलंच हवं होतं. नवंकोरं चकचकीत अंतराळ नको. मग भंगाराइतकं खरं दुसरं काय असणार? (ख्रिश्चनला पुढे यासाठी ऑस्करही मिळालं.)

हॅन सोलोचं पिस्तूल म्हणजे जर्मन माउझर सी-96. 1896 चं मॉडेल. 1898 साली ओमदुर्मानच्या लढाईत तरुण चर्चिलच्या हातात हेच होतं. त्याच्या नळीच्या टोकाला जर्मन विमानांतल्या एमजी-81 मशीनगनचा तुकडा बसवला. असलं एक मूळ पिस्तूल 2022 साली लिलावात दहा लाख डॉलरच्या वर गेलं. आमच्या ऑफिसात हे सांगितलं तर एकानं हिशोब करून पुण्यात किती फ्लॅट येतील ते सांगितलं. असो.

हे ओळखतात कसं? चिकाटीनं. सिनेमाची स्थिरचित्रं, शूटिंगच्या वेळचे फोटो, स्क्रूची जागा, ओरखडे. ज्यांना विमानाच्या इंजिनातलं कळतं ते एका कोपऱ्यात, नळाच्या फिटिंगमधले दुसऱ्या. ओबी-वानची तलवार अशीच सुटी झाली : वरचं तोंड रोल्स-रॉईसच्या डर्वेंट जेट इंजिनातलं नळकांडं, मधला खाचांचा भाग पहिल्या महायुद्धातला रायफल ग्रेनेड, आणि खालची पाकळ्यांची चकती म्हणजे 'आर्मिटेज शँक्स'च्या नळाची मूठ. जेडाय मंडळींच्या हातात बाथरूमची तोटी! मी तर दोन दिवस हसत होतो.

ल्यूकच्या तलवारीची गोष्ट मात्र हसण्याची नाही. लंडनच्या ग्रेट मार्लबरो स्ट्रीटवरच्या एका फोटोग्राफीच्या दुकानात ख्रिश्चनला 'ग्राफ्लेक्स' कॅमेऱ्याच्या फ्लॅशच्या मुठी मिळाल्या. अमेरिकेतल्या बातमीदारांचं हत्यार ते. पोटात तीन सेल, वर ताटलीएवढा रिफ्लेक्टर. ख्रिश्चननं ताटली काढली, काळ्या पट्ट्या चिकटवल्या, कॅल्क्युलेटरच्या आकड्यांवरची भिंगांची पट्टी अडकवली. आणि बुडाला एक कडी, कमरेला लटकवायला.

हा शोध लागल्यापासून त्या मुठींची कत्तल चालू आहे. मूठ कधी कधी अख्ख्या कॅमेऱ्यापेक्षा महाग जाते, ताटली बेवारस पडते. जुन्या कॅमेऱ्यांचे शौकीन भडकतात, त्यात त्यांचं काय चुकलं? न्यूयॉर्कच्या वीजीनं रात्री-अपरात्रीचे गुन्हे टिपले ते असल्याच फ्लॅशच्या उजेडात.

आणि आता कबुली. गेल्या वर्षी मीही एक मागवली. न्यू जर्सीहून येताना मित्रानं बॅगेत घालून आणली, ताटलीसकट. पट्ट्या तयार होत्या, कडी तयार होती, शनिवार मोकळा होता. बुडाला भोक पाडायला ती उलटी केली, तर तिथे सुईनं कोरलेली दोन अक्षरं. कुणाच्या तरी नावाची. नेमकी भोक पडणार तिथेच.

बराच वेळ बसून राहिलो. मग ताटली परत बसवली, तीन सेल घातले आणि ड्रिल मशीन खालच्या काकांना परत देऊन आलो. "झालं काम?" त्यांनी विचारलं. झालं म्हटलं.