देह कोणाचा, विद्या कोणाची?

कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संग्रहालयात एका प्रचंड प्राण्याचा सांगाडा उभा आहे. त्याची हाडे आमच्या सिरोंचा तालुक्यातील पोचमपल्ली गावाजवळच्या जमिनीतून निघाली. १९६० च्या आगेमागे संशोधकांनी ती खणून नेली, आणि १९७५ साली त्या प्राण्याचे ‘बरापासॉरस टागोरी’ असे बारसे झाले. ‘बडा पा’ म्हणजे बंगालीत मोठा पाय. आणि १९६१ हे रवींद्रनाथ टागोरांचे जन्मशताब्दीचे वर्ष होते, म्हणून ‘टागोरी’. हाडे मिळाली ती सुमारे तीनशे, आणि ती एका प्राण्याची नव्हेत. निदान सहा प्राण्यांची आहेत. कवटी तर मिळालीच नाही. तरीही पाहणाऱ्याला सबंध प्राणी दिसतो. जुळवणाऱ्यांचे कौशल्य त्यात आहेच. पण दिसतो तो सबंध प्राणी जुळवलेला आहे, हेही विसरता कामा नये.

आजचा आमचा विषय याच जातीचा आहे. संगणकाच्या पडद्यावर मनुष्यदेह उभा करून वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना शरीररचना शिकवण्याची नवी रीत आता आली आहे. मेजाएवढ्या पडद्यावर पुरुषभर उंचीचा देह निजलेला दिसतो. बोट फिरवले की कातडी दूर होते, पुन्हा फिरवले की स्नायू, मग शिरा, मग हाडे. देह हवा तसा वळवावा, आडवा कापावा, उभा कापावा, चुकल्यास पुन्हा सांधावा. आम्ही काही डॉक्टर नव्हे. तेंदूपाने तोडणाऱ्या, बांबू कापणाऱ्या, लाकूड वाहणाऱ्या मजुरांच्या संघटनेत आमची तीस वर्षे गेली. शाळा सातवीपर्यंत झाली आणि पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा या विषयावर आम्ही का बोलावे, असे कोणी विचारील. उत्तर एवढेच की, डॉक्टर ज्या देहावर शिकत आले, तो देह बहुधा आमच्या माणसांचा होता.

प्रारंभ सुश्रुतापासून करू. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात देह तपासण्याची रीत दिली आहे. विषाने न मेलेला, दीर्घ रोगाने न खंगलेला, सर्व अवयव शाबूत असलेला देह घ्यावा. गवताने, सालींनी गुंडाळून पिंजऱ्यात ठेवावा आणि एकांत जागी वाहत्या नदीत बुडवून ठेवावा. सात रात्रींनी बाहेर काढून वाळ्याच्या, केसांच्या किंवा बांबूच्या कुंचल्याने हलके हलके घासत जावे, म्हणजे एकेक थर डोळ्यांना दिसतो. प्राणहिता-गोदावरीच्या काठी राहणाऱ्या आम्हांला ही रीत समजावून सांगावी लागत नाही. पाण्यात काय होते ते आम्ही पाहिलेले आहे. देह कसा असावा हे ग्रंथकाराने बारकाईने सांगितले. तो कोणाचा असावा आणि त्याला विचारावे की नाही, हे मात्र सांगितले नाही.

युरोपातही तेच झाले. १५४३ साली व्हेसालियसने आपला महान ग्रंथ प्रसिद्ध केला आणि हजार वर्षांच्या चुका दुरुस्त केल्या. पण विच्छेदनाला देह मिळत ते बहुतांशी फाशी गेलेल्यांचे. इंग्लंडात १७५२ च्या कायद्याने खुन्यांचे देह शरीरशास्त्रज्ञांच्या हवाली करण्याची सोय केली. शाळा वाढल्या, देह पुरेनात. तेव्हा थडगी उकरून प्रेते विकण्याचा धंदा सुरू झाला. १८२८ साली एडिंबरोत बर्क आणि हेअर या दोघांनी सोळा माणसे मारून त्यांचे देह विकले, तेव्हा देश हादरला. १८३२ साली नवा कायदा झाला. त्याने काय केले? अनाथालयात आणि दरिद्रीगृहात मेलेल्या, ज्यांना कोणी न्यायला येत नाही अशांचे देह शाळांना दिले. म्हणजे जी शिक्षा काल खुन्याला होती, ती आज गरिबाला लागू झाली.

आपल्याकडे १८३६ साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात पंडित मधुसूदन गुप्तांनी जातिनिर्बंध मोडून विच्छेदन केले. त्या दिवशी तोफांची सलामी झाली अशी आख्यायिका आहे. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चे. तेथून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत डॉ. भाऊ दाजी लाड होते. या माणसांचे धैर्य मोठे होते, यात शंका नाही. पण इतिहासात सुरी धरणाऱ्याचे नाव राहिले. मेजावर निजलेल्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही.

पुढे १९४९ साली मुंबई प्रांताचा शरीररचनाशास्त्र अधिनियम झाला. रुग्णालयात मेलेल्या आणि नातेवाइकांनी मुदतीत न मागितलेल्या माणसाचा देह मान्यताप्राप्त संस्थेला देता येतो. त्या भागात कायमचे राहण्याचे ठिकाण नसलेला माणूस सार्वजनिक जागी मेला आणि त्याचा देह कोणी मागितला नाही, तर त्यालाही हेच लागू. कायद्याची गरज आम्ही नाकारीत नाही. डॉक्टर शिकले पाहिजेत. पण ‘कायमचे राहण्याचे ठिकाण नसलेला’ हे शब्द वाचले की आमच्या डोळ्यांपुढे मिरची तोडायला नदीपलीकडे गेलेली, इमारतीच्या कामाला शहरात गेलेली माणसे येतात.

एकदा आमच्या भागातला एक मजूर दूरच्या मोठ्या शहरात मेला. निरोप गावी पोचायलाच तीन दिवस गेले. त्याच्या म्हाताऱ्या बापाला घेऊन आम्ही रुग्णालय गाठले. बापाला तेलुगूखेरीज भाषा येत नव्हती. कागदावर नाव एक आणि आधारकार्डावर दुसरे. दोन दिवस या खिडकीतून त्या खिडकीत फिरलो. शेवटी देह मिळाला. आणखी थोडा उशीर झाला असता तर तो बेवारस ठरला असता. त्याला बाप होता, बायको होती, दोन मुले होती. गाडीभाडे नसणे यालाच कित्येकदा ‘बेवारस’ म्हणतात, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

अशा वेळी संगणकातला देह आला, तो आम्हांला सुटकेसारखा वाटला. आता कोणा गरिबाचा देह नको! पण त्याचाही इतिहास पाहिला पाहिजे. १८९५ साली राँटगेनने क्ष-किरण शोधले. १९७१ साली हाउन्सफील्डच्या यंत्राने जिवंत माणसाच्या मेंदूचे पहिले छेदचित्र काढले. आरामशीनवर सागवानाचा ओंडका पातळ फळ्यांत कापावा आणि त्या फळ्या क्रमाने पुन्हा रचाव्यात, म्हणजे ओंडका तर दिसतोच, शिवाय आतली प्रत्येक रेघ कळते. तसाच हा छेदचित्रांचा ढीग रचून संगणक देह उभा करतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने १९९४ साली एका पुरुषाचा असा संपूर्ण देह जगाला खुला केला. गोठवून, एकेक मिलिमीटरने खरडून, १८७१ छेद टिपले होते. तो पुरुष कोण? टेक्सासच्या तुरुंगात १९९३ साली विषारी इंजेक्शनने देहदंड दिलेला कैदी. १७५२ सालापासून निघालेला रस्ता फिरून तेथेच आला! त्याने देह देण्यास संमती दिली होती, असे सांगतात. पण कोठडीतल्या माणसाच्या संमतीचे मोल काय, हा प्रश्न उरतोच.

दुसरी गोष्ट. पडद्यावरचा देह नीटनेटका असतो. खऱ्या देहात शिरा ठरल्या वाटेने जातातच असे नाही. आमच्या गडचिरोली जिल्ह्यात सिकलसेलचे रोगी पुष्कळ. त्या रोगात लहानपणी प्लीहा सुजते आणि पुढे आकसून जाते. टेक्सासच्या निरोगी पुरुषाच्या देहात ते दिसणार नाही. २०२० च्या साथीत विच्छेदनगृहे बंद होती तेव्हा पडद्याने विद्यार्थ्यांना मोठा हात दिला, हे खरे. पण पोचमपल्लीच्या सांगाड्याप्रमाणे पडद्यावरचा देहही जुळवलेला आहे. हाताला देहाचा भार कळावा, आणि हा माणूस होता याची जाणीव राहावी, यासाठी खरा देह लागणारच.

मग तो कोठून यावा? स्वेच्छेने. २०१० साली ज्योती बसूंचा आणि २०२४ साली सीताराम येचुरींचा देह त्यांच्या इच्छेप्रमाणे वैद्यकीय शिक्षणासाठी दिला गेला. पक्ष कोणताही असो. ज्याला घर आहे, नाव आहे, वारस आहेत, अशा माणसाने आपला देह मेजावर ठेवला, ही घटना सुश्रुतापासूनच्या इतिहासात मोठी आहे. शिकवण्याचा सारा भार आजवर ज्यांना कोणी विचारले नाही त्यांनी वाहिला. पडद्याने तो थोडा हलका होईल. उरलेला विचारून, सांगून, आपण सर्वांनी वाटून घ्यावा.

ऑक्टोबर २०२४ मध्ये गडचिरोलीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. सिरोंच्याहून ते सुमारे दोनशे किलोमीटर. तेथे उद्या नवे मेज येवो, खरा देह येवो, दोन्ही येवोत. आमचे मागणे दोनच. एक, कोणाही मजुराचा देह त्याच्या गावी निरोप पोचण्यापूर्वी बेवारस ठरू नये. आणि दुसरे, तेथे शिकलेल्या मुलामुलींपैकी चार जणांनी तरी त्या दोनशे किलोमीटरांचा रस्ता धरून आमच्याकडे यावे. ज्या माणसांच्या देहावर ही विद्या उभी राहिली, ती माणसे अजून जिवंत आहेत आणि डॉक्टरची वाट पाहत आहेत.